पुढच्या दाराची शिफ्ट

रविवारी दुपारी एक वाजता फोरमननी जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलायला लावली आणि ओलं फडकं घेऊन टेबल स्वतः पुसलं. दोनदा. मग कोरड्या फडक्यानं एकदा. त्यांना बाबा म्हणणारी तीनच माणसं होती, थोरली लेक, धाकटा मुलगा आणि सून. बाकी शेजारपाजारासकट सगळ्यांचे ते फोरमन. विमानतळावरून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी.

"कुणाचा चहा राहिला असेल तर स्वयंपाकघरात उभं राहून प्या," ते म्हणाले. "मागच्या वेळी टर्मिनल दोनच्या पार्किंगच्या नकाशावर कप सांडला होता."

"तो तुम्हीच सांडलात, बाबा," धाकटा म्हणाला.

"म्हणून तर सांगतोय. मला अनुभव आहे."

थोरलीनं नळकांड्यातून नकाशा काढून टेबलावर पसरला. एका कोपऱ्यावर मीठदाणी, दुसऱ्यावर आत्याच्या चष्म्याचं घर, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर फोरमनच्या दोन मुठी. नव्या टर्मिनलचा वरचा मजला, जिथून माणसं विमानाकडे निघतात तो. सोबतचे एकोणतीस नकाशे तिच्या लॅपटॉपमध्ये तयार होते. संध्याकाळी सहाच्या आत सगळे तीस मंडळाकडे पाठवायचे होते आणि सोमवारी दहाला मंडळ दोन आराखड्यांतून एक निवडणार होतं. एक बाहेरच्या कंपनीचा, जिनं चार खंडांत अठरा विमानतळ उभे केले होते. दुसरा विमानतळाच्या स्वतःच्या नियोजन विभागाचा, म्हणजे थोरली आणि तिच्या हाताखालच्या नऊ जणांचा. या विभागानं आजवर स्वच्छतागृहं आणि पार्किंगच्या शेडपलीकडे काही आखलं नव्हतं. आराखडा पडला तर विभाग बंद करून दहाही जणांना इतर खात्यांत वाटून टाकायचं, हे वरच्या साहेबांत जवळपास ठरलं होतं. थोरलीनं ते घरात सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

आजोबांनी मुकादम म्हणून ज्याचा स्लॅब घातला ते टर्मिनल एक या आराखड्यात पाडलं जाणार होतं. त्यावरून व्हायची ती भांडणं गेल्या महिन्यात होऊन गेली होती, आत्या आठ दिवस बोलत नव्हती, आणि शेवटी फोरमननीच "बांधणाऱ्याला पाडलेलं समजतं" म्हणून विषय मिटवला होता. आज उरलं होतं ते फक्त तपासणं.

त्या घरात नकाशा तपासायची एकच पद्धत होती. तिला शिफ्ट करणं म्हणत. ज्यानं जे काम केलं, त्यानं नकाशावर बोट ठेवायचं आणि कामावर गेल्यासारखं चालवत न्यायचं, काय करतोय ते मोठ्यानं सांगत. कुठं बोट अडलं की नकाशा नापास. पद्धत आजोबांची. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण त्यांनी बोटानं पकडलेली एक जिन्याची चूक इंजिनियरांनी मान्य केली होती, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला तारखेसकट पाठ होती.

फोरमननी चष्मा नाकावर सरकवला आणि नकाशाच्या मागच्या कडेला बोट टेकवलं.

"सकाळचे सहा. गेट नंबर सात. पास दाखवला. कपडे बदलले. डबा कपाटात." बोट एका अरुंद मार्गातून निघालं. "जिना. उजवीकडे. आता मी काउंटरच्या मागं आलो. सामानाचा बेल्ट अडकलाय. बॅगा साचल्यात, बाया ओरडतायत—"

"बायाच का ओरडतायत?" आत्यानं विचारलं.

"माझ्या अनुभवात बायाच ओरडायच्या. तू माइकवरून ओरडायचीस ते वेगळंच." बोट बेल्टच्या मागं येऊन थांबलं. तिथं एक लांबलचक मोकळी पट्टी होती. "आणि हे बघा. किती हे?"

"तीन मीटर," थोरली म्हणाली. या पट्टीचं माप ते महिनाभर रोज विचारत होते.

"तीन मीटर! चौतीस वर्षं मी पोटावर सरपटत मोटर बदलली. गुडघे कुणाला दाखवायची सोय राहिली नाही. आता माझ्या माणसाला उभं राहून, पान्हा फिरवून, वर शीळ घालत काम करता येईल." त्यांनी चष्मा काढला. "पास."

आत्याची शिफ्ट छोटी असायची. एकतीस वर्षं ती विमानतळाचा आवाज होती. अजून दुकानात गेली तर लोक तिचं बोलणं ऐकून वळून बघत. तिचं बोट उद्घोषणेच्या खोलीत गेलं आणि तिथंच राहिलं.

"खिडकी आहे?"

"आहे, आत्या. पूर्ण हॉल दिसतो."

"कुणाला सांगतोय ते दिसलं तर सांगण्यात फरक पडतो गं. मी आयुष्यभर भिंतीशी बोलले." तिनं दोन्ही हातांनी थोरलीचं तोंड कुरवाळलं. "मला खिडकी दिलीस."

"तुला नाही, आत्या. तू रिटायर झालीस," धाकटा म्हणाला.

"तू गप रे!"

धाकटा अ‍ॅप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवारात, शिफ्ट प्रमुख होता. त्याची शिफ्ट खालच्या मजल्याची. त्यानं लॅपटॉपवर बोट चालवलं, सामानाच्या ट्रॅक्टरांना चार्जिंगची जागा लांब पडते म्हणून पाच मिनिटं कुरकुर केली आणि पास म्हणाला.

थोरलीनं खुर्चीला पाठ टेकली. गेल्या चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिला आपलं काम परकं दिसलं, दुसऱ्या कुणीतरी केल्यासारखं, आणि ते चांगलं होतं. चार हजार प्रवाशांना प्रश्न विचारून आखलेल्या रांगा. कुठंही सहा मिनिटांपेक्षा जास्त चालायचं नाही. बाहेरच्या कंपनीचा आराखडा तिनं पाहिला होता. काचेचा, देखणा, आणि मागच्या बाजूनं आंधळा. तिचा विमानतळ मागून जगलेल्या माणसांचा होता.

"मी करू का एक शिफ्ट?"

सिस्टर दारात उभी होती. धाकट्याची बायको. इस्पितळात नर्स, म्हणून लग्नाच्या आठवड्यातच फोरमननी तिला सिस्टर हाक मारली आणि तेच नाव राहिलं. सकाळच्या ड्यूटीवरून ती नुकतीच आली होती, हातात ताट होतं.

"तुझी कसली शिफ्ट?" धाकटा हसला. "विमानतळावर दवाखाना आहे, पण तू काही तिथं नाहीस."

"मी आईला सोडायला जाते ना. वर्षातनं दोनदा. ती करते."

फोरमननी खुर्ची मागं घेऊन तिला जागा दिली. बारा वर्षांत तिनं कधी मागितली नव्हती.

सिस्टरनं ताट बाजूला ठेवलं, हात पुसले आणि बोट टेबलावर टेकवलं. नकाशावर नाही. नकाशाच्या बाहेर, लाकडावर.

"हे कुठं?" आत्या म्हणाली.

"बसस्टॉप. आम्ही बसनं येतो. माझ्याकडे मोठी बॅग, आईकडे छोटी, आणि एक पिशवी, जी आणू नको म्हटलेलं असतं." बोट कागदावर चढलं, रस्ता ओलांडून काचेच्या दारापाशी आलं. "इथं तिकीट बघतात. माझ्याकडे तिकीट नाही. आई आत गेली. ताई, आता मी कुठं उभी राहू?"

"तिथंच," थोरली म्हणाली. "फुटपाथवर."

"किती आहे फुटपाथ?"

"अडीच मीटर."

"त्यात ट्रॉल्या, गाड्यांतून उतरणारे, त्यांच्या बॅगा. बरं, उभी राहिले. आईला कमी ऐकू येतं आणि पाट्या वाचायचा धीर नाही. ती काचेतून माझ्याकडे बघत जाते आणि मी हातानं सांगते. डावीकडे. सरळ." तिनं मान वाकडी केली. "इथं काचेला लागून काय आहे?"

"दुकानं."

"म्हणजे आई दिसत नाही. बरं. दोनदा असं झालंय की आईला परत पाठवलं. एकदा तारीख चुकली होती, एकदा औषधाची चिठ्ठी नव्हती. आता इथनं परत पाठवलेलं माणूस कुठनं बाहेर येतं?"

थोरलीनं लॅपटॉपवर खालच्या मजल्याचा नकाशा उघडला. सुरक्षा तपासणीतून मागं येणाऱ्यांचा मार्ग तिनंच काढला होता. तो लिफ्टनं खाली जायचा, सामान मिळतं तिथून, खालच्या रस्त्यावर.

"खाली," ती म्हणाली.

"म्हणजे आई खाली, मी वर," सिस्टर म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता; रुग्णाचा ताप सांगावा तसा. "मी पुढच्या बसनं घरी. बोट अडलं, ताई."

मग सगळेच बोलले.

"जुन्या टर्मिनलला तिथं सोडायला आलेल्यांसाठी कठडा आहे," आत्या म्हणाली. "तो कुठं गेला?"

"तपासणीच्या रांगांना जागा हवी होती. तो मी काढला."

"काढलास ते बरोबरच होतं," धाकटा म्हणाला. "हजारो माणसांचं टर्मिनल आहे. आता काय आपल्या सासूबाईंसाठी बदलायचं का?"

"माझ्या आईसाठी नको बदलू," सिस्टर म्हणाली. "तू तिला सोडायला एकदा ये. मग बोल."

"मी तिथंच असतो! मी तिच्या विमानापाशी उभा असतो!"

"तेच म्हणतेय मी. तू विमानापाशी असतोस."

ते वाक्य थोरलीला लागलं. अभ्यासदौऱ्यांसाठी ती सहा वेळा विमानानं गेली होती. सहाही वेळा ऑफिसातून मागच्या मागं आत. पहिल्या वेळी तिची बॅग फोरमननी स्वतः बेल्टवरून उचलून ट्रॉलीत ठेवली होती, चाकं वर करून, आणि तोच तिला मिळालेला निरोप होता. तीन पिढ्या विमानतळावर गेल्या आणि पुढच्या दाराशी कुणासाठी म्हणून कुणी उभं राहिलं नव्हतं. तिच्या चार हजार प्रश्नावल्यांचंही तेच. ज्यांच्या हातात तिकीट होतं, त्यांनाच तिनं विचारलं होतं.

"जागा किती लागेल?" आत्यानं विचारलं.

"तिकीट बघायची रेघ सहा मीटर आत न्यायला हवी. मध्ये तरी." थोरलीनं मोजपट्टी घेतली. "दोन दुकानं काढली तर चार मीटर मिळतात. त्यावर वाणिज्य विभाग बोंब मारेल, ते मी बघते. उरलेले दोन मीटर—" ती थांबली.

सगळ्यांच्या नजरा काउंटरच्या मागच्या मोकळ्या पट्टीवर गेल्या. काउंटरची रांग मागं सरकवायची म्हणजे ती पट्टी खायची.

"हात लावायचा नाही," फोरमन म्हणाले.

"दादा, तीनचा एक झाला तर काय मोठं—" आत्या म्हणाली.

"तू खोलीत बसून गोड बोललीस एकतीस वर्षं! तुला खिडकी हवी, हिला कठडा हवा, आणि माझ्या माणसानं परत सरपटायचं? ते काम करणारे आहेत, हे बघे आहेत!"

"बघे नाहीत ते, बाबा," सिस्टर म्हणाली. "तुम्ही करून बघा ना. माझ्या आईची शिफ्ट."

"मला सगळा विमानतळ पाठ आहे."

"मग करा."

फोरमननी तणतणत बोट नकाशाच्या मागच्या कडेला नेलं. "गेट नंबर—"

"पुढून," सिस्टर म्हणाली.

बोट हवेत राहिलं. मग त्यांनी ते पुढं आणलं, बसस्टॉपवर टेकवलं, रस्ता ओलांडला. दारातून आत गेले आणि थांबले. डावीकडे निघाले, दुकानाला अडले. मागं आले. उजवीकडे गेले. ज्या बेल्टची मोटर त्यांना अंधारात सापडली असती, त्याच्या पुढच्या अंगाला कसं पोचायचं हे त्यांना कळेना.

"पाट्या असतील," ते म्हणाले.

"आई पाट्या वाचत नाही."

"कुणाला तरी विचारीन."

"ऐकू येत नाही."

त्यांनी मागं वळून बघितलं. खरोखर मान वळवून, जणू खुर्चीमागं काच होती आणि काचेपलीकडे कुणीतरी असायला हवं होतं. मग बोट उचलून घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

अडीच वाजले होते. या घरात थोरलीला हुकूम सोडता आला असता. आराखड्यावर सही तिची होती. पण ते तीन मीटर तिनं त्यांना बोलून दिले होते, आणि त्यांच्या गुडघ्यांकडे बघून दिले होते.

"हा आकडा पूर्ण पट्ट्याला कुणी लावला?" फोरमननी एकदम विचारलं.

"तुम्हीच. तीन मीटर म्हणालात."

"मी म्हणालो. आणि तू एकशेवीस मीटर लांब तीन मीटर ओढून मोकळी झालीस? मोटर कुठं असते?"

"वळणावर."

"वळणावर! आणि दोन टोकांना. मधल्या सरळ पट्ट्याला काय होतं? काही होत नाही. वर्षातनं एकदा रोलर बदलायचा, तो एक मीटरमधून उभ्यानं बदलता येतो." त्यांनी तिच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली आणि स्वच्छ पुसलेल्या टेबलावरच्या स्वच्छ नकाशावर दोन आडव्या रेघा मारल्या. "इथून इथपर्यंत. अठ्ठेचाळीस मीटर. इथं रुंदीतले दोन घे. वळणावरचा एक इंच घेतलास तर घरात पाय ठेवू नको."

"घर माझ्या नावावर आहे, बाबा."

"तरीही."

सिस्टरनं ताट उचललं आणि त्यांच्या शेजारी बसून जेवायला घेतलं.

पुढचे तीन तास थोरलीनं काम केलं. काउंटरचा मधला भाग मागं गेला, दोन दुकानं गेली, त्यातल्या एकाच्या जागी परत येणाऱ्यांचं दार आलं, त्याच मजल्यावर, थांबलेल्यांच्या समोर. तिनं विभागातल्या दोघांना फोन लावला. दोघेही घरूनच कामाला बसले. आत्या आठवून म्हणाली, परत बाहेर पाठवलेल्यांच्या घोषणा ती दिवसाला तीसेक तरी करायची. "तीसेक चालत नाही, आत्या, नक्की आकडा लागतो," थोरली म्हणाली, तेव्हा धाकट्यानं काही न बोलता दारावरच्या ड्यूटी अधिकाऱ्याला फोन केला. तिथं नोंदवही होती. गेल्या महिन्यात एक हजार एकशे सव्वीस माणसं.

"अकराशे?" धाकट्यानं फोनवर दोनदा विचारलं. मग बायकोकडे बघितलं. "पुढच्या वेळी आईंना सोडायला मी येतो."

"ये. पिशवी तू धर."

पाच वाजून बावन्न मिनिटांनी तीस नकाशे गेले.

सोमवारी मंडळासमोर बाहेरच्या कंपनीनं पन्नास मिनिटं घेतली, चित्रफितीसकट. थोरलीला चाळीस मिळाली. वाणिज्य विभागाच्या प्रमुखांनी तिच्या नकाशावरच्या मधल्या चौकोनावर पेन आपटलं.

"दोनशे अठ्ठ्याऐंशी चौरस मीटर. दाराशी. सगळ्यात महाग जागा. याचं भाडं कोण देणार?"

"कुणी नाही, साहेब."

"मग इथं करायचं काय?"

"उभं राहायचं." तिनं आकडा सांगितला. महिन्याला अकराशे सव्वीस माणसं या दारातून परत येतात, आणि प्रत्येकाचं कुणीतरी बाहेर असतं किंवा नुकतंच निघून गेलेलं असतं.

अध्यक्षबाईंनी बाहेरच्या कंपनीच्या लोकांकडे वळून विचारलं, तुमच्या आराखड्यात ही माणसं कुठून बाहेर येतात. ते आपसात कुजबुजले. त्यांच्यातल्या एकानं कागद उलटेपालटे केले आणि खाली, असं सांगितलं. वाणिज्य प्रमुख शेवटपर्यंत विरोधात राहिले, आणखी तिघे त्यांच्याबरोबर. सात विरुद्ध चार मतांनी नियोजन विभागाचा आराखडा मंजूर झाला, दर पाच वर्षांनी त्या चौकोनाचा फेरविचार व्हावा या अटीवर.

थोरली दीड वाजता खाली आली. मागच्या जिन्याकडे वळलेली पावलं तिनं फिरवली, गर्दीतून वाट काढत हॉल ओलांडला आणि जुन्या टर्मिनलच्या दारातून बाहेर पडली. कठड्याला लागून माणसं तीन-तीन रांगांत उभी होती, टाचा उंचावून, हात हलवत, फोनवर ओरडत. त्यांच्यात फोरमन होते. इस्त्रीचा शर्ट, पायात निवृत्तीच्या दिवशी घातलेले बूट. तिला त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. शेजारच्या बाईनं त्यांना बाजूला सरकायला सांगितलं होतं आणि ते तिच्याशी बोलत होते.

"कुणाला सोडायला आलात?" बाईनं विचारलं.

"घ्यायला आलोय. मुलीला."

"कुठून येतेय?"

"आतून," फोरमन म्हणाले. "हे सगळं पाडणार आहे ती."

बाईनं हातातली बॅग जवळ ओढली.

"घाबरू नका," फोरमन म्हणाले. निकाल त्यांना अजून कुणी सांगितला नव्हता. "नव्यात तुम्हाला उभं राहायला जागा ठेवलीय तिनं. चांगली सहा मीटर."